एकच बाटली, शिक्षा मात्र वेगळी

पत्र : आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका मित्राचे आईवडील बाहेरगावी गेले असताना चौघे मित्र त्याच्या घरी जमले आणि मित्राच्या वडिलांच्या कपाटातली बाटली काढून दारू प्यायले. आम्हाला संशय आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. कधी स्वतःचा रुमालही न धुणाऱ्या मुलाचा शर्ट दोरीवर वाळत होता. पुढे त्या रात्रीचा व्हिडिओ शाळेपर्यंत पोहोचला. आमच्यासह तिघांच्या पालकांना बोलावून समज दिली आणि मुलांकडून माफीपत्र लिहून घेतले. चौथा मुलगा फीमाफीवर शिकतो आणि त्याची आई दोन ठिकाणी काम करते. त्याला मात्र पंधरा दिवस शाळेत येऊ नको असे सांगितले आहे, आणि त्याची फीमाफी चालू ठेवायची की नाही हे येत्या सोमवारच्या बैठकीत ठरणार आहे. माझ्या सासूबाई म्हणतात, ‘त्या मुलाची संगत तोडा, असल्या सवयी तिकडूनच येतात.’ माझे पती म्हणतात, ‘हल्ली सगळीच मुले पितात, घरी आपल्यासमोर थोडी दिली तर त्यातले अप्रूप जाईल.’ ते स्वतः शनिवारी घरी घेतात. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही, पण माझ्याकडे उत्तर नाही. मी काय करावे?
– एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातला तो ओला शर्ट माझ्या मनातून जात नाही. रात्री उशिरा घरी येऊन, कोणाला जाग येऊ नये म्हणून नळ बारीक सोडून, अंगावरच्या शर्टाचा वास घालवत बसलेला मुलगा अजून तुमच्या मताची किंमत ठेवतो, एवढे त्यातून नक्की कळते. ज्याला घरच्यांचे काहीच वाटेनासे झाले आहे, तो शर्ट धूत नाही. तेव्हा ‘मुलगा हातचा गेला’ या भीतीने तुम्ही खचून गेला असाल, तर ती भीती आधी बाजूला ठेवा. तुमच्यापुढचे खरे प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांतला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नसला तरी लिहून मात्र ठेवला आहे. बाटली एक होती, पिणारे चार होते, आणि शिक्षा दोन प्रकारच्या झाल्या.

आधी तुमच्या पतींचे म्हणणे घेऊ, कारण त्याचा निकाल आकड्यांनी लागतो. ‘हल्ली सगळीच मुले पितात’ हे वाक्य प्रत्येक पिढीतले आईवडील म्हणत आले आहेत, आणि आजच्या घडीला ते पूर्वीपेक्षाही कमी खरे आहे. अमेरिकेत १९७५पासून दरवर्षी शाळकरी मुलांची पाहणी होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस शाळेच्या शेवटच्या इयत्तेतली सुमारे ७० टक्के मुले ‘गेल्या महिनाभरात दारू प्यायलो’ असे सांगत होती, तर २०२३मध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातले बरेचसे देश येथेही २०००नंतरच्या काळात किशोरवयीनांचे पिणे लक्षणीयरीत्या घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०१९मध्ये जगातील १५ ते १९ वयोगटातल्या २३.५ टक्के मुलामुलींनी मागच्या वर्षभरात दारू घेतलेली होती. म्हणजे चारांतल्या तिघांनी वर्षभर तिला स्पर्शही केला नव्हता.

अर्थात, या घसरणीवर विसंबून स्वस्थ बसावे अशी स्थिती नाही. युरोप, मध्य आशिया आणि कॅनडा मिळून ४४ देश व प्रदेशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या सुमारे २,८०,००० मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १५ वर्षांच्या ५७ टक्के मुलामुलींनी कधी ना कधी दारू चाखलेली होती, आणि या वयात मुली मुलांच्या किंचित पुढे होत्या. ५९ टक्के मुली आणि ५६ टक्के मुले. दोनदा किंवा अधिक वेळा नशेत गेल्याचे सांगणारी मुले तेराव्या वर्षी ५ टक्के होती, पंधराव्या वर्षी २० टक्के. दोन वर्षांत चौपट! ज्या दोन वर्षांत आपण दहावीच्या गुणांखेरीज मुलांशी दुसरे काही बोलत नाही, नेमकी तीच ही वर्षे. (तुम्हाला मुलगी असेल तर तिच्याशीही बोला. ‘मुलींचा प्रश्न नाही’ हा समज या आकड्यांनंतर ठेवता येत नाही.)

आता सासूबाईंचे म्हणणे. त्यांचा राग मायेपोटी आहे हे मला समजते, परंतु त्यामागचे गृहीतक तपासून पाहिले तर ते टिकत नाही. ‘असल्या सवयी तिकडून येतात’, म्हणजे गरिबाघरून येतात. सुनिया लूथर या भारतीय वंशाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शहराच्या गरीब वस्तीतल्या आणि सुखवस्तू उपनगरातल्या दहावीच्या मुलांची त्यांनी तुलना केली, तेव्हा सिगारेट, दारू आणि गांजा यांचे सेवन सुखवस्तू मुलांमध्ये अधिक असल्याचे आढळले. तेव्हा अनेकांना हा निष्कर्ष धक्कादायक वाटला होता. त्यानंतर युरोपातही अनेक देशांत हेच दिसले, की दारूची चव घेण्याची शक्यता संपन्न घरातल्या मुलांमध्ये कमी नसते, बऱ्याचदा जास्तच असते. एका बैठकीत भरमसाट पिण्याचे चित्र मात्र देशागणिक बदलते, कुठे गरीब मुले पुढे, कुठे श्रीमंत, आणि कुठे फारसा फरकच नाही, म्हणून सरसकट विधान मी करणार नाही. पण ‘तिकडून येतात’ या म्हणण्याला आधार नाही, हे निश्चित. शिवाय यात फार संशोधनाचीही गरज नाही. दारू घ्यायला पैसा लागतो, लपून प्यायला रिकामे घर लागते आणि कपाटात बाटली असावी लागते. त्या रात्री ती कोणाच्या कपाटातून निघाली, एवढे सासूबाईंना शांतपणे विचारून पाहा.

मग गरिबाघरचा मुलगा आणि दारू ही जोडी आपल्या डोक्यात एवढी पक्की का बसली आहे? याचे एक उत्तर असे, की पिणे सगळीकडे असले तरी त्याची झळ सगळीकडे सारखी बसत नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी प्रौढांच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार नोंदवली आहे. कमी उत्पन्नाच्या गटातली माणसे सरासरीने श्रीमंतांइतकी किंवा त्यांच्याहून कमी दारू पितात, तरीही दारूमुळे होणारे आजार, रुग्णालयातली भरती आणि मृत्यू यांचे प्रमाण त्यांच्यात जास्त असते. या विसंगतीला मद्यहानीचा विरोधाभास म्हणतात. त्याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. पिण्याची पद्धत वेगळी असते, जोडीला धूम्रपान असते, पोषण कमी पडते, कामाचा आणि पैशाचा ताण असतो, उपचार उशिरा मिळतात. पण सगळी कारणे जमेस धरूनही काही फरक उरतोच. तो फरक पेल्यात सापडत नाही, पिणाऱ्याच्या भोवतालात सापडतो.

किशोरवयात हा भोवताल आणखी ठळक दिसतो. एखाद्या मुलाच्या घरी स्वतःची खोली असते, तो दार बंद करून पितो. दुसऱ्याला तसा आडोसा नसतो, तो मैदानाच्या कडेला किंवा जिन्याखाली पितो आणि म्हणून पोलिसांच्या, शेजाऱ्यांच्या, शिक्षकांच्या नजरेस पडतो. एकाला उलट्या झाल्या तर ओळखीचा डॉक्टर घरी येतो, दुसऱ्याच्या घरी दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब होईपर्यंत सकाळ होते. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाकडून चूक झाली तर पुढे शिकवणी लावता येते, पुनर्परीक्षा देता येते, एक वर्ष थांबता येते. दुसऱ्याचे तेच एक वर्ष गेले की तो कायमचा कामाला लागतो. याला मी घरातली गादी म्हणते. पडणे सारखेच असते, पण एकाच्या खाली गादी असते आणि दुसऱ्याच्या खाली फरशी. ज्याच्या खाली गादी असते त्याचे आईवडील पुढे अभिमानाने सांगतात की आमचा मुलगा वेळीच सावरला. त्या सावरण्यात मुलाचा गुण किती आणि गादीचा किती, हे वेगळे काढून पाहायला सहसा कोणी बसत नाही.

येथे मला माझ्याविषयीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. समुपदेशनाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत दारूची तक्रार घेऊन एखादा मुलगा समोर आला, की त्याच्या कपड्यांवरून माझा पहिला प्रश्न ठरत असे. साध्या कपड्यांतल्या मुलाला मी विचारत असे, ‘घरी कोण पिते?’ आणि चांगल्या कपड्यांतल्या मुलाला विचारत असे, ‘अभ्यासाचा ताण आहे का?’ पहिल्याकडे मी आरोपी म्हणून पाहत होते आणि दुसऱ्याकडे रुग्ण म्हणून. एका सहकारी बाईंनी माझी टिपणवही चाळून हे दाखवून दिले, तोवर मला त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या लोकांच्या मनात काय होते ते मला माहीत नाही. पण तिघांना समज आणि एकाला बंदी देताना असाच एक न विचारलेला प्रश्न कोणाच्या तरी मनात उमटून गेला असावा, असे मला वाटते.

‘संगत तोडा’ याबद्दल आणखी थोडे. ओले-यॉर्गन स्कोग या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये असे मांडले, की समाजातले पिणारे लोक एकमेकांशी जोडलेले असतात, आणि पिणे वाढते किंवा घटते तेव्हा कमी पिणारे, मध्यम पिणारे आणि फार पिणारे असे सगळेच थोडेफार बरोबर हलतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किशोरवयीनांचे पिणे जिथे जिथे घटले, तिथल्या बऱ्याच अभ्यासांत साधारण असेच चित्र दिसले. तुमच्या चौघांच्या कंपूला हेच लागू पडते. त्यांत कोणी एक बिघडवणारा आणि तिघे बिघडलेले अशी वाटणी नाही. त्या चौथ्या मुलाच्या आईच्या दृष्टीने पाहिले, तर तुमचा मुलगाही ‘संगत’च आहे. मैत्री तोडायला लावल्यास मुलगा एवढेच शिकेल, की अंगाशी आले की सगळ्यात दुबळ्याला पुढे करून आपण निसटायचे. पिणे त्याने थांबवले नाही तरी हा धडा मात्र तो विसरणार नाही.

आता घरी थोडी देण्याचा प्रश्न. हा सल्ला सुशिक्षित घरांत फार लोकप्रिय आहे, आणि तो ऐकायला समंजसही वाटतो. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा ती बारा-तेरा वर्षांची असल्यापासून सहा वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दारू दिल्याने मुले सुरक्षित राहतात याचा कोणताही पुरावा त्यात मिळाला नाही. उलट, घरून मिळणारी मुले पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली, आणि भरमसाट पिणे व त्यातून होणारी इजा यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. याचे कारण समजायला अवघड नाही. बापाने हाताने पेला दिला की मुलगा त्यातून ‘मर्यादेत पी’ हा अर्थ काढत नाही, ‘परवानगी मिळाली’ हा काढतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे १९९७मध्ये असेही दिसले होते, की पंधराव्या वर्षाआधी पिणे सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी तरी व्यसनाधीन झाले, तर वीस किंवा त्याहून अधिक वयात सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात हेच या फरकाचे एकमेव कारण आहे असे यावरून म्हणता येत नाही, कारण जी मुले लवकर सुरू करतात त्यांच्या आयुष्यात इतरही अडचणी असू शकतात. पण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, हे लक्षात घेतले तर सुरुवात जितकी पुढे ढकलली जाईल तितके बरे, यात शंका राहत नाही.

तुमच्या पतींना हे सांगताना शनिवारचा विषय टाळू नका. त्यांनी ताबडतोब सोडलीच पाहिजे असे मी म्हणत नाही, तो त्यांचा निर्णय आहे. परंतु बाटली कुलपात ठेवणे, मुलाच्या हाती पेला किंवा बर्फ आणवून न घेणे, आणि ‘आज फार दमलो, म्हणून घेतो’ हे वाक्य त्याच्यासमोर न बोलणे, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी आजपासून कराव्यात. दमणुकीवर आणि दुःखावर दारू हा उपाय असतो, असे मुलांना कोणी बसून शिकवत नाही. ती अशा एखाद्या वाक्यातूनच ते उचलतात.

मुलाशी बोलताना शर्टापासून सुरुवात करा, व्हिडिओपासून नको. व्हिडिओ हा पुरावा आहे, त्यामुळे तो बचावाला लागेल. ‘तू शर्ट धुतलास तेव्हा तुला काय वाटत होते?’ एवढे विचारून गप्प बसा, आणि गप्प बसणे जमवा, कारण बहुतेक आयांना पहिला प्रश्न जमतो, पण त्यानंतरचा अर्धा मिनिट जमत नाही. किती प्यायला, प्रथमच का, कोणी आग्रह केला का, नको म्हणता आले असते का, हे पुढे आपोआप येईल. मग घरचा नियम एका वाक्यात सांगा : या घरात सज्ञान होईपर्यंत दारू चालणार नाही, आणि आम्ही ती देणारही नाही. नियम मोडला तर काय होईल हेही त्याच वेळी सांगून ठेवा, आणि ते असे असू द्या की तुम्ही खरोखर पाळू शकाल.

या नियमाच्या जोडीला एक वचन द्या. कधीही, कितीही वाजता, स्वतःला किंवा मित्राला सुरक्षित वाटत नसेल तर त्याने फोन करावा, तुम्ही न्यायला याल आणि त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही. बोलणे दुसऱ्या दिवशी. दारू चढलेला मित्र हाक मारून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून त्याला सोडून जायचे नाही. त्याला कुशीवर वळवायचे, कोणी तरी शेजारी बसून राहायचे आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. उलटी घशात अडकून जीव गेल्याची उदाहरणे आहेत, आणि बदनामीच्या भीतीने फोन न करणे हेच अनेकदा त्यामागचे कारण असते. हे वचन देताना ‘तुझ्या त्या मित्रासाठीही’ हे शब्द आवर्जून घाला. त्याच्यासाठी न्यायला येणारी गाडी कोणाकडे असेलच असे नाही.

व्याख्यानांनी मुले सुधारतात असे मला वाटत नाही, आणि शाळेने सोमवारी व्यसनमुक्तीचे भाषण ठरवले तर त्याने फारसे काही होणार नाही. आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नशेत गेल्याचे सांगितले होते. २०१६पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. तिथे भर भाषणांवर नव्हता. रात्री मुलांनी बाहेर राहण्याच्या वेळेला मर्यादा होती, पालकांचे आपसांत करार होते, खेळ, संगीत आणि नाट्य यांची रोजची सोय होती, आणि रेक्याविक शहराने त्यासाठी मुलांच्या नावे अनुदानही दिले. ज्या घराला क्लबची फी परवडत नाही, त्या घरातला मुलगाही संध्याकाळी तिथे जाऊ शकावा हा त्यातला महत्त्वाचा भाग. तुमच्या चौघांच्या शनिवारच्या संध्याकाळी कशा जातात आणि त्यातल्या चौथ्याला कशाकशाची फी परवडत नाही, हे चारही घरच्या पालकांनी एकदा बसून पाहावे.

राहिला सोमवार. शाळेला लेखी पत्र द्या आणि शक्य असल्यास उरलेल्या दोन्ही घरांच्या पालकांच्या सह्या घ्या. पत्र लहान असावे. चौघांनी एकच कृत्य केले, तेव्हा चौघांना एकच शिक्षा व्हावी, मग ती समज असो, माफीपत्र असो किंवा शाळेच्या कामात घालवायचे काही तास असोत. फीमाफी घरच्या परिस्थितीवरून आणि अभ्यासावरून दिलेली आहे, शिस्तभंगाची शिक्षा म्हणून ती काढून घेता येऊ नये. पंधरा दिवसांचा बुडालेला अभ्यास शाळेने भरून द्यावा. शाळा म्हणाली की ‘तुमच्या मुलाचा प्रश्न मिटला आहे, तुम्ही यात का पडता’, तर बाटली तुमच्या मुलानेही उघडली होती, हे उत्तर पुरेसे आहे. मुलाला हे पत्र आधी वाचायला द्या. सही करायची तर त्यानेही करावी. तो कचरला तर आग्रह धरू नका, पण का कचरतो आहे ते विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही : तुम्ही त्या चौथ्या मुलाच्या आईशी अजून बोललेल्या नाही. पत्र शाळेत देण्याआधी ते तिला दाखवले पाहिजे, कारण ते तिच्या मुलाबद्दल आहे आणि त्यातला एखादा शब्द तिला कमीपणाचा वाटू शकतो. ती दोन ठिकाणी काम करते, तेव्हा आधी एक निरोप पाठवून कोणत्या वेळी बोलणे सोयीचे होईल एवढे विचारा, आणि ती सांगेल त्या वेळी तुम्हीच तिच्याकडे जा.